पॉल लिम आणि डार्ट्सचा इतिहास : छोट्या देशातील एका खेळाडूची कारकीर्द

प्रस्तावना

क्रीडेतिहासाच्या अभ्यासात खेळाडूची ओळख बहुधा त्याच्या देशाच्या नावाने करून दिली जाते. क्रिकेट, हॉकी, फुटबॉल यांसारख्या सांघिक खेळांत ही पद्धत स्वाभाविक वाटते, कारण तेथे संघ हाच देशाचा प्रतिनिधी असतो. वैयक्तिक खेळांत मात्र तीच पद्धत अनेकदा अडचणीची ठरते. ज्या देशात त्या खेळाची व्यावसायिक व्यवस्थाच नाही, अशा देशातील खेळाडूला उपजीविकेसाठी परदेशी जावे लागते आणि तेथे राहून तो खेळतो. अशा वेळी त्याचा पराक्रम कोणत्या देशाच्या खात्यावर मांडायचा, हा प्रश्न उभा राहतो. सिंगापूरमध्ये जन्मलेले डार्ट्सपटू पॉल लिम यांची कारकीर्द हे या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. डार्ट्सच्या इतिहासात त्यांचे नाव ९ जानेवारी १९९० रोजी टाकलेल्या नऊ बाणांसाठी घेतले जाते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यासाठीच घेतले जाते. त्या एका डावाने त्यांना अमर केले हे खरे; परंतु त्याच डावाने त्यांची उरलेली चार दशकांची वाटचाल झाकूनही टाकली. प्रस्तुत लेखात त्या वाटचालीचा मागोवा घेतला असून, विक्रमापेक्षा तिचे ऐतिहासिक मोल अधिक आहे, असे प्रतिपादन केले आहे.

खेळाचे स्वरूप आणि त्याची भूमी

डार्ट्स हा आपल्याकडे फारसा परिचित खेळ नसल्याने त्याची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. भिंतीवर लावलेल्या गोल फलकाचे वीस समान भाग केलेले असतात आणि प्रत्येक भागाला १ ते २० पैकी एक अंक दिलेला असतो. फलकावर दोन अरुंद कडी असतात. बाहेरच्या कड्यात बाण रुतला तर त्या भागाच्या अंकाची दुप्पट होते, आतल्या कड्यात रुतला तर तिप्पट. या कड्यांची रुंदी अवघी ८ मिलिमीटर असते, आणि खेळाडू फलकापासून २.३७ मीटर अंतरावर उभा राहून बाण फेकतो. प्रत्येक खेळाडूचे गुण ५०१ पासून सुरू होतात. एका पाळीत तीन बाण मिळतात. मिळालेले गुण वजा करत बरोबर शून्यावर यायचे असते, आणि शेवटचा बाण दुपटीच्या कड्यात किंवा फलकाच्या अगदी मध्यबिंदूवर लागला पाहिजे, अशी अट असते. ज्याचे शून्य आधी होते तो तो डाव जिंकतो.

एका बाणावर जास्तीत जास्त ६० गुण (विसाची तिप्पट) मिळत असल्याने ५०१ संपवण्यासाठी किमान नऊ बाण लागतात. याहून कमी बाणांत डाव संपणे गणितानेच अशक्य आहे. म्हणूनच नऊ बाणांचा डाव हा या खेळातील परिपूर्ण डाव मानला जातो. पहिल्या सहा बाणांत प्रत्येकी ६० म्हणजे ३६० गुण गेले की १४१ उरतात. ते तीन बाणांत संपवण्याच्या काही मोजक्याच वाटा आहेत. लिम यांनी निवडलेली वाट अशी होती : विसाची तिप्पट, एकोणिसाची तिप्पट आणि बाराची दुप्पट, ६०, ५७ आणि २४. या वाटेची कठीणता केवळ अंकांत नाही. वीस हा अंक फलकाच्या शिरोभागी असतो, एकोणीस तळाशी डावीकडे, तर बारा वरच्या डाव्या अंगाला. सात बाण एकाच जागी टाकून हाताला एक लय लागलेली असते. ती मोडून नेमक्या शेवटच्या दोन बाणांसाठी नजर आधी खाली आणि मग पुन्हा वर न्यावी लागते.

हा खेळ वाढला तो इंग्लंडमधील पबमध्ये, म्हणजे कष्टकऱ्यांच्या संध्याकाळच्या बैठकीच्या जागेत. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्राने १९२७ मध्ये लंडन परिसरात सुरू केलेली स्पर्धा दुसऱ्या महायुद्धानंतर देशव्यापी झाली. १९७३ मध्ये ऑली क्रॉफ्ट यांच्या पुढाकाराने ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन ही संस्था स्थापन झाली आणि १९७८ पासून तिची विश्वविजेतेपद स्पर्धा भरू लागली. एम्बसी या सिगारेटचे प्रायोजकत्व आणि बीबीसीचे प्रक्षेपण या दोन खांबांवर ती स्पर्धा उभी होती. पहिला विजेता लेटन रीस हा वेल्सचा, म्हणजे तसा छोट्याच देशाचा. परंतु वेल्सला इंग्लंडच्या पबसंस्कृतीचे शेजार होते. आशियातून येणाऱ्याला ते नव्हते. त्याच पहिल्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेलेला निकी विराचकुल हा थायलंडमध्ये जन्मलेला खेळाडू अमेरिकेच्या वतीने खेळला होता, ही बाब येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. आशियाई खेळाडूने पश्चिमेत स्थायिक होऊन पश्चिमेच्या ध्वजाखाली खेळणे, ही वाट लिम यांच्या आधीच मळलेली होती.

सिंगापूर ते लंडन, आणि पुढे

पॉल लिम यांचा जन्म २५ जानेवारी १९५४ रोजी झाला. त्या वेळी सिंगापूर ब्रिटिश वसाहत होती. १९५९ मध्ये तिला अंतर्गत स्वशासन मिळाले, १९६३ मध्ये ती मलेशियात सामील झाली आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियातून बाहेर पडून स्वतंत्र राष्ट्र बनली. म्हणजे वयाची बारा वर्षे पूर्ण होण्याआधीच लिम यांच्या जन्मभूमीची राजकीय ओळख तीनदा बदलली होती. ज्याच्या बालपणी देश हीच गोष्ट इतकी अस्थिर होती, त्याच्या नावापुढे पुढील आयुष्यात तीन देशांची नावे लागावीत, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

१९७० च्या दशकात ते स्वयंपाकाच्या व्यवसायाचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांना डार्ट्सची गोडी लागली. वसाहतीतील तरुणाने विलायतेला जाणे ही आपल्या परिचयाची गोष्ट आहे. मात्र आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बॅरिस्टर होण्यासाठी किंवा आय.सी.एस.च्या परीक्षेसाठी बोटीवर चढणारा तरुण. लिम यांच्या पिढीतील आशियाई स्थलांतरिताचा मार्ग निराळा होता. तो हॉटेलांच्या मुदपाकखान्यातून जात होता. क्रिकेट किंवा टेनिस शिकायचे तर क्लबचे सभासदत्व हवे, मैदान हवे, पांढरे कपडे हवेत. डार्ट्सला यांतले काहीच लागत नाही. काम संपल्यावर कोपऱ्यावरच्या पबमध्ये जावे, तीन बाण हातात घ्यावेत आणि फलकासमोर उभे राहावे. परक्या शहरात एकट्या पडलेल्या कामकऱ्याला ज्या थोड्या जागा खुल्या होत्या, त्यांपैकी ही एक होती, असे म्हणता येईल.

पुढे आचारी म्हणून ते पापुआ न्यू गिनी येथे गेले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच देशाच्या वतीने विश्वविजेतेपद स्पर्धेत उतरले. पापुआ न्यू गिनी १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनातून मुक्त झालेला देश. त्याचा प्रतिनिधी म्हणून सिंगापूरचा आचारी इंग्लंडमध्ये बाण फेकतो आहे, हे दृश्य वरवर पाहता विनोदी वाटेल. परंतु त्यामागे या खेळाची रचना आहे. विश्वस्पर्धेत प्रवेश मिळत असे तो बहुतांशी राष्ट्रीय संघटनांच्या मार्फत, आणि संघटना पाहत असत ते वास्तव्य. नोकरी जेथे नेईल तेथील संघटना, आणि जी संघटना पाठवील तिचा देश, असा हा हिशेब होता. त्यानंतर लिम अमेरिकेत गेले आणि हिशेब पुन्हा बदलला.

९ जानेवारी १९९०

इंग्लंडमधील फ्रिमली ग्रीन येथील लेकसाइड कंट्री क्लबमध्ये १९८६ पासून ही स्पर्धा होत होती. १९९० च्या स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत लिम यांची गाठ आयर्लंडच्या जॅक मॅकेना यांच्याशी पडली. त्या सामन्यातील एका डावात लिम यांनी पहिल्या पाळीत १८०, दुसऱ्या पाळीत १८० आणि तिसऱ्या पाळीत वर सांगितलेल्या वाटेने १४१ गुण घेऊन नऊ बाणांत डाव संपवला. दूरचित्रवाणीवरील पहिला असा डाव जॉन लो यांनी १९८४ मध्ये दुसऱ्या एका स्पर्धेत पूर्ण केला होता. विश्वविजेतेपद स्पर्धेत मात्र हे प्रथमच घडत होते. आपला छत्तिसावा वाढदिवस साजरा करण्यास लिम यांना अजून सोळा दिवस होते.

या डावासाठी त्यांना ५२,००० पौंडांचे खास बक्षीस मिळाले. त्या वर्षी विश्वविजेता ठरलेल्या फिल टेलर यांना मिळाले २४,००० पौंड. अंतिम सामन्यात टेलर यांनी पाच वेळच्या विजेत्या एरिक ब्रिस्टो यांना ६–१ असे हरवले आणि येथूनच त्यांच्या सोळा विश्वविजेतेपदांची मालिका सुरू झाली. एका डावाचे मोल संपूर्ण स्पर्धेच्या दुपटीहून अधिक ठरावे, ही विसंगती बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये या खेळाला ओहोटी लागली होती. एके काळी वर्षभर अनेक स्पर्धा दाखवणाऱ्या दूरचित्रवाणी वाहिन्यांनी हात आखडता घेतला होता आणि एम्बसी स्पर्धा हीच काय ती पडद्यावर उरली होती. अशा वेळी चमत्काराला मोठी किंमत लावणे हे प्रायोजकांच्या सोयीचे होते, कारण चमत्कार बातमी होतो. शिवाय तो क्वचितच घडणार, हेही उघड होते. खेळाडूच्या वर्षभराच्या मेहनतीला ज्या व्यवस्थेत स्थिर उत्पन्न मिळत नव्हते, तिने एका क्षणावर मोठी रक्कम ठेवली होती. हीच नाराजी पुढे फुटीस कारण झाली. १९९२ मध्ये सोळा आघाडीच्या खेळाडूंनी स्वतंत्र मंडळ स्थापन केले, १९९४ पासून दोन निरनिराळ्या विश्वस्पर्धा होऊ लागल्या आणि १९९७ मध्ये न्यायालयीन तडजोड होऊन दोन्ही संस्थांना मान्यता मिळाली. फुटून निघालेली संस्था म्हणजे आजची प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन.

जुन्या संस्थेच्या विश्वस्पर्धेत २०२० पर्यंत, म्हणजे ती संस्था बंद पडेपर्यंत, नऊ बाणांचा दुसरा डाव झाला नाही. चार दशकांहून अधिक चाललेल्या त्या स्पर्धेतील तो एकमेव परिपूर्ण डाव राहिला. आणि अधिकृत नोंदीत त्या डावापुढे देश म्हणून नाव आहे ते अमेरिकेचे, कारण १९९० मध्ये लिम त्या देशाचे प्रतिनिधी होते. त्यांचे टोपणनाव मात्र तेव्हाही आणि नंतरही सिंगापूरशीच जोडलेले राहिले : ‘द सिंगापूर स्लिंगर’. कोष्टक एक सांगते आणि लोकांच्या तोंडचे नाव दुसरे. इतिहासलेखकाने अशा वेळी कोष्टकापेक्षा टोपणनावाकडे अधिक लक्ष द्यावे, असे वाटते.

छोट्या देशाची अडचण

विक्रमानंतर लिम यांनी विश्वविजेतेपद कधीच मिळवले नाही. म्हणून त्यांना एका दिवसाचा राजा ठरवण्याकडे क्रीडापत्रकारितेचा कल राहिला आहे. हा निकाल अन्यायाचा आहे. इंग्लंडमधील चांगल्या खेळाडूला आठवड्यातून अनेक रात्री स्थानिक लीगमध्ये, परगण्याच्या संघात, खुल्या स्पर्धांत तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळतात, आणि तेही मोटारीने काही तासांच्या अंतरावर. सिंगापूरसारख्या नगरराष्ट्रात एवढा पसारा उभा राहणेच शक्य नव्हते. तेथील खेळाडूला सरावासाठी परदेश, उत्पन्नासाठी दुसरा व्यवसाय आणि मोठ्या स्पर्धेसाठी अर्ध्या जगाचा प्रवास, हे सारे आपल्या खिशातून करावे लागते. विजेतेपदांच्या संख्येने दोघांची तुलना करणे म्हणजे बारमाही नदीकाठच्या शेताची आणि कोरडवाहू रानाची पिके एकाच तराजूत घालणे होय.

आशियात या अडचणीवर उत्तर मिळाले ते वेगळ्याच दिशेने. जपान, हाँगकाँग आणि आसपासच्या प्रदेशांत पोलादी टोकाच्या बाणांऐवजी प्लॅस्टिकच्या मऊ टोकाचे बाण आणि विजेवर चालणारी, गुण आपोआप मोजणारी यंत्रे लोकप्रिय झाली. इंग्रजी पबचे जुने, जुगाराच्या वासाचे वातावरण या यंत्रांना नव्हते. तरुण मुलेमुली शहरांतील करमणूक केंद्रांत त्यांवर खेळू लागली. लिम यांनी हा बदल लवकर ओळखला आणि आशियातील या मऊ टोकाच्या स्पर्धांत ते सातत्याने खेळत राहिले. पारंपरिक खेळाच्या अभिमान्यांना हे यंत्र म्हणजे पोरखेळ वाटत असे. परंतु याच वाटेने पुढे आलेल्या जपानच्या मिकुरू सुझुकी यांनी २०१९ आणि २०२० मध्ये लेकसाइड परंपरेतील महिला विश्वविजेतेपद पटकावले, तेव्हा त्या टीकेत फारसा दम उरला नाही. ज्याला आपण उतारवयातील सोय म्हणू, ती लिम यांच्या बाबतीत खेळ टिकवून धरणारी पायाभूत व्यवस्था ठरली. रोजचा सराव आणि रोजची मिळकत या दोन्ही गोष्टी प्रथमच त्यांच्याच खंडात मिळू लागल्या.

उत्तरार्ध

याचे फळ साठीनंतर दिसले, ही या कारकिर्दीतील सर्वांत विलक्षण गोष्ट होय. २०१७ च्या जून महिन्यात जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झालेल्या दुहेरी विश्वचषकात पॉल लिम आणि हरिथ लिम यांची जोडी सिंगापूरच्या वतीने उतरली. पहिल्याच फेरीत समोर होते अग्रमानांकित स्कॉटलंडचे गॅरी अँडरसन आणि पीटर राइट. अँडरसन दोन वेळचे विश्वविजेते होते. राइट पुढे दोनदा विश्वविजेते झाले. सिंगापूरने तो सामना ५–२ असा जिंकला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. हा विजय वैयक्तिक नव्हता. येथे कोणत्याही वास्तव्याच्या नियमाने उसना घेतलेला देश नव्हता. त्रेसष्टाव्या वर्षी लिम प्रथमच एवढ्या मोठ्या व्यासपीठावर आपल्या जन्मभूमीच्या नावाने एखाद्या बलाढ्य राष्ट्राला हरवत होते. १९९० च्या डावाला जे स्थान दिले जाते, त्याहून वरचे स्थान या सामन्याला द्यावे लागेल.

त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथे २०१८ ची विश्वस्पर्धा झाली. पहिल्या फेरीत लिम यांनी वेल्सच्या मार्क वेबस्टर यांना ३–२ असे नमवले. दुसऱ्या फेरीत पुन्हा अँडरसन समोर आले. या सामन्यात एका डावात लिम यांचे पहिले आठ बाण अचूक गेले. वाट तीच होती, अठ्ठावीस वर्षांपूर्वीची : विसाची तिप्पट, एकोणिसाची तिप्पट, आणि उरली बाराची दुप्पट. सारे सभागृह उभे राहिले होते. नववा बाण कड्याच्या थोडा बाहेर गेला. सामना अँडरसन यांनी जिंकला. त्या रात्री चर्चा मात्र हुकलेल्या बाणाचीच झाली.

डिसेंबर २०२० मध्ये, कोविडच्या निर्बंधांमुळे प्रेक्षकांविना झालेल्या सामन्यात, सहासष्ट वर्षांच्या लिम यांनी इंग्लंडचे तरुण खेळाडू ल्यूक हंफ्रीज यांना ३–२ असे पराभूत केले. या स्पर्धेत सामना जिंकणारे ते सर्वांत वयस्कर खेळाडू ठरले. पुढच्या फेरीत बेल्जियमच्या दिमित्री व्हॅन डेन बर्ग यांनी त्यांना हरवले. हंफ्रीज यांनी जानेवारी २०२४ मध्ये विश्वविजेतेपद मिळवले, त्यामुळे लिम यांच्या त्या विजयाचे वजन मागाहून वाढले. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, लिम पुन्हा त्याच सभागृहात आले आणि जेफ्री डी ग्राफ यांना ३–१ असे नमवून त्यांनी स्वतःचाच वयाचा विक्रम मोडला. दुसऱ्या फेरीत गाठ पडली ती हंफ्रीज यांच्याशीच. या वेळी हंफ्रीज ३–० असे जिंकले.

डी ग्राफ हे जन्माने नेदरलँड्सचे, पण खेळतात स्वीडनच्या वतीने. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीचा म्हणून उतरलेला सिंगापूरचा आचारी तेव्हा अपवाद वाटला असेल. २०२५ मध्ये त्याच्यासमोर दुसऱ्या देशाचे नाव लावून उभा असलेला प्रतिस्पर्धी कोणालाही वेगळा वाटला नाही, आणि लिम यांच्या नावापुढे त्या दिवशी फलकावर लिहिलेले होते ते सिंगापूर.